चार मिनिटं अकरा सेकंद

दर सोमवारी सकाळी सहाला
रुवैसच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत
विश्राम वेंगुर्लेकर पडतो.
तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून,
पट्टा न लावता,
नव्यानं आलेल्या चाळीस पोरांसमोर.
एसीची घरघर, पायमोज्यांचा वास,
मागच्या बाकावर कुणीतरी
अजून विमानातच असल्यासारखा झोपलेला.
मी सेफ्टीवाला. बटण दाबणं माझं काम.

आधी कॅसेट होती, मग सीडी, आता पेनड्राइव्ह.
दर खेपेला चित्र थोडं विटलं.
त्याचं पिवळं हेल्मेट आता ताकासारखं दिसतं.
पडणं मात्र तेच.

हा माणूस पाट-परुळ्याच्या जत्रांत
रात्री दोनला राजा होऊन यायचा.
मुकुटाचा पेटारा स्वतःच्याच डोक्यावरून आणलेला.
बसला की बाकड्याचं सिंहासन,
उठला की पुन्हा बाकडं.
कागद नाही, तालीम नाही,
समोरचा काय बोलतो त्यावर
आपलं राज्य राखायचं, उजाडेपर्यंत.

मग मुंबईची नाटकं:
तीन अंकांत दोनदा चहा आणणारा गडी.
मग सिनेमे, अकरा.
त्यांतल्या चारांत प्रेत.
"प्रेत बरां," म्हणायचा, "पाठांतर नाय."
एकात हवालदार झाला, पण आवाज दुसऱ्याचा घातला.
शेवटी मेव्हण्यानं व्हिसा पाठवला.
हुद्दा: स्टोअरकीपर.
"नटाक नट-बोल्ट मोजूचे लागले,"
हा विनोद त्यानं इतक्यांदा केला
की मेसमध्ये कुणी हसेना.
तरी करायचा.

शहाण्णव साली कंपनीनं फिल्म काढली.
डायरेक्टर बेरूतचा, घामानं बेजार,
संवाद हिंदीत, टाइप केलेले,
'बेपर्वा कामगार क्रमांक दोन'.
"लिवलेला बोलूक माका जमणा नाय,"
असं म्हणाला, आणि बोललाच नाही.
फक्त चढण्याआधी
शिडीच्या पहिल्या दांड्याला बोटं टेकवली
आणि कपाळाला लावली,
पडद्याआडून बाहेर येताना लावायची तशी.
कागदात हे नव्हतं.
कट कुणी म्हटलं नाही.

खाली कँपातल्या गाद्या रचल्या होत्या.
एक माझी होती.
कोपरा धरून मीच उभा होतो.
वरून तो आला तेव्हा
डोळे उघडे होते त्याचे,
माझ्याकडे नाही, कुठंतरी समईकडे.
त्या रात्री माझ्या गादीत वाळूच वाळू.

खरा तो कुठूनच पडला नाही.
साखरेनं गेला, उभादांड्याला, खाटेवर.
वर्षभरानं मुलाचा फोन:
"बाबांचं काही आहे का हो तुमच्याकडे?
ते सिनेमे कुठं मिळतच नाहीत."
मी चार मिनिटं अकरा सेकंद पाठवली.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
"आईनं शिडीपर्यंतच बघितलं.
पुढं लावू दिलं नाही.
पण शिडीपर्यंतचं पाच वेळा."

आता हेड ऑफिसनं नवी फिल्म धाडली आहे,
कार्टूनची. माणसाला तोंडच नाही,
पडला तरी रक्त निळं.
जुनी पुसून टाकायची, असं पत्र आहे.
पत्र ड्रॉवरमध्ये आहे.

काल टॉवर चारला गेलो तपासणीला.
सिवानचा एक पोरगा, आठवडाही झाला नसेल,
त्यानं कार्टूनच पाहिलेलं, मीच आजारी होतो.
पट्टा अडकवला, हूक ओढून पाहिला,
आणि चढण्याआधी
पहिल्या दांड्याला बोटं, मग कपाळाला.
"ये किसने सिखाया?"
त्यानं वर बघितलं.
वरचा नेपाळी, त्याच्या वरचा पठाण.
"सब करते हैं, साब."

हेल्मेट, बूट, पट्टा, सगळ्यावर बरोबरची खूण केली.
शेरा लिहायच्या रकान्याशी
पेन बराच वेळ थांबलं.
खाली कुणी गाद्या घातलेल्या नव्हत्या.
पोरगा चढत गेला.